चौदा इंचांचा आटा

नीलांबरी ढोमणे माझ्याकडे पहिल्यांदा आली ती एक ड्रॉइंग घेऊन. मी तेव्हा सांता क्लारातल्या एका मशीन शॉपमध्ये लेथवर होतो. त्याआधी तेवीस वर्षं चिंचवडला टर्नर. ड्रॉइंग एका पिनेचं होतं. व्यास मिलिमीटरमध्ये आणि दशांश चिन्हापुढे चार आकडे.

"हे कुठल्या मशीनचं?" मी विचारलं.

"मशीनचं नाही. गोठ्याच्या गेटचं आहे."

"गेटला चार दशांश?"

"मला वाटलं, कमी पडण्यापेक्षा जास्त दिलेले बरे."

मी तीन आकडे खोडले आणि पिन करून दिली. त्या गेटची बिजागरी अजून कुरकुरलेली नाही.

ती काटोलची. वडील जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. शाळा सुटली की ती दवाखान्यातच अभ्यासाला बसायची. शेळीला औषध पाजताना तोंड धरायला कोणी नसलं की वडील तिलाच हाक मारायचे. पुढे नागपूरला इंजिनियरिंग झालं, लग्न झालं आणि सांता क्लारात सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टरची नोकरी झाली. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या, असं ते काम. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं ते सोडलं, हॉलिस्टरच्या पुढे डोंगरात जमीन घेतली आणि शेळ्या आणल्या. मराठी मंडळातली माणसं म्हणाली, वर्षभराचं खूळ आहे. त्या खुळाला यंदा सात वर्षं झाली.

मी निवृत्त झालो तेव्हापासून शनिवारी तिच्याकडे जातो. कुंपण, नळ, दूध काढायचा ओटा, काही ना काही निघतंच. माणूस कामाचा आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: काम संपल्यावर हत्यार कुठे जातं. नीलांबरीच्या गोठ्यात प्रत्येक वस्तूला खिळा आहे आणि प्रत्येक खिळ्यावर वस्तू आहे. एवढं पुरे.

नवरा परीक्षित घरून कंप्युटरवर नोकरी करतो. मुलगी आन्या एकोणीस वर्षांची. डेव्हिसला जनावरांच्या डॉक्टरकीच्या दिशेनं शिकते आहे आणि सुट्टीला घरी येते. बाकी शेजार म्हणजे सिल्वेरा. सत्तरीचा माणूस, तीन पिढ्यांची गुरं. त्याची हद्द नीलांबरीच्या ओढ्याला लागून आहे.

आता कायोटीचं सांगतो. कायोटी म्हणजे कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किरकोळ असं जनावर. उंदीर, ससे आणि पडलेली फळं खातो. माणसापासून लांब राहतो. नीलांबरीच्या जमिनीभोवती ते पहिल्यापासून आहेत. पहिली पाच वर्षं त्यांनी एका करडाला तोंड लावलं नाही. गेल्या वर्षी एकानं लावलं.

फेब्रुवारीत दोन करडं गेली. तिनं कुंपणाला वीज जोडली. त्यानं ओढ्यातून खाली उकरलं. तिनं ओढ्यात दगड आणि जाळी भरली. पाऊस आला आणि जाळीसकट दगड वाहून गेले. सिल्वेरानं राखणीला एक गाढव दिलं. गाढव शेळ्यांचा चारा खाऊन झोपायचं. मग मार्चमध्ये ती रायफल घेऊन राखणीला बसली.

रायफल जमिनीच्या आधीच्या मालकाची होती. तो म्हातारा मुलीकडे ऑरेगनला निघाला तेव्हा तिनं दुकानामार्फत, कागद करून, दहा दिवस थांबून ती आपल्या नावावर घेतली होती. शिकारीचा कोर्स केला, लायसन्स काढलं. गेल्या वर्षी जानेवारीपासूनच ती रोज सकाळी वीस मिनिटं रिकामी रायफल खांद्याला लावून उभी राहायची. नळीवर एक नाणं ठेवायची. नाणं पडलं की पुन्हा पहिल्यापासून. हे तिनं दोन महिने केलं.

आणि मार्चमध्ये शंभर पावलांवरून झाडलेली तिची गोळी कायोटीच्या मागच्या पायाला लागली. तो तीन पायांवर पळून गेला. तीन पायांच्या जनावराला ससा सापडत नाही. करडू सापडतं. त्या गोळीनंतर सात करडं गेली.

"आधीची दोन त्याची," ती मला म्हणाली होती. "पुढची सात माझी."

आन्यानंही फोनवर तेच सांगितलं होतं. "दॅट्स ऑन यू, मॉम." मुलीचं ते वाक्य नीलांबरीनं मला जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मराठीत सांगितलं असतं तर कदाचित थोडं मऊ झालं असतं.

यंदा जानेवारीच्या शेवटी शेळ्या व्यायला लागल्या. एकोणीस करडं झाली. नवराबायकोचं ठरलं होतं की यंदाही गेल्या वर्षासारखं झालं तर कळप सिल्वेराच्या पुतण्याला द्यायचा आणि सांता क्लाराला परत जायचं. हा हट्ट परीक्षितचा नव्हता, तिचाच होता. ती म्हणाली, जी जनावरं मला राखता येत नाहीत ती माझ्याकडे राहू नयेत.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दोन गेली होती. ओढ्याच्या चिखलात तीन पायांचे ठसे होते.

त्या गुरुवारी परीक्षितनं मला एक भलामोठा तक्ता पाठवला. चौदा प्रकारची काडतुसं. प्रत्येकापुढे वेग, जोर, दोनशे यार्डांवर गोळी किती खाली येते, वाऱ्यानं किती सरकते आणि लोकांनी दिलेले तारे. हिरवा, पिवळा, लाल असे रंग. खाली लिहिलं होतं: काका, तुम्हांला मेटलचं कळतं, फायनल करून द्या.

मी तक्ता दोनदा वाचला आणि फोन लावला.

"परीक्षित, हे सगळं गोळीबद्दल आहे. रायफलीबद्दल काहीच नाही."

"रायफल तर तीच आहे ना काका. कॅलिबर बावीस-अडीचशे. चौदाच्या चौदा तिच्यात बसतात, चेक केलंय मी."

"बसतात ते ठीक. तिचा आटा किती?"

"काय?"

"आटा, आटा. आटा किती आहे तो विचार तिला."

फोन बाजूला झाल्याचा आवाज आला. "नीलू, काका आटा किती आहे विचारताहेत."

लांबून नीलांबरीचा आवाज. "दोन बॅग आहेत म्हणावं. का बाप्पा, शनिवारी माणसं घेऊन येताहेत का?"

"नको नको," मी म्हणालो. "मी येतो. काही मागवू नका तोवर. आणि गेल्या वर्षी सरावाला लावलेले कागद असतील तर काढून ठेवा."

"असतील म्हणजे?" परीक्षित म्हणाला. "फाइल केलेत यार."

शनिवारी पोचलो तेव्हा आन्या आलेली होती. नीलांबरी ओट्यावर दूध काढत होती. तिचा चेहरा ओढलेला दिसला.

"काका, तुमच्यासमोर खरं बोलते," ती म्हणाली. "गोळी कुठली का असेना. माझा हातच बरोबर नाही. दोन महिने नाणं ठेवून उभी राहिले. तरी कागदावर एक इथे, एक तिथे."

"हाताचं नंतर बघू. कागद दाखव."

परीक्षितनं फाइल आणली. गेल्या मार्चचे चार कागद, प्रत्येकावर तारीख. शंभर यार्डांवरून झाडलेल्या गोळ्या. भोकं खरंच कुठेही होती. दोन गोळ्यांत वीतभर अंतर. पण मी अंतर बघत नव्हतो. भोकं बघत होतो. खिशातलं भिंग काढलं.

गोळीचं भोक गोल असतं. कागदावरची बहुतेक भोकं गोल नव्हती. लांबट होती. एक तर चक्क गोळीच्याच आकाराचं होतं, आडवी ठेवून पेन्सिलीनं रेघ मारावी तसं.

"हे काय आहे?" मी नीलांबरीला विचारलं.

"कागद फाटलाय. वारा होता त्या दिवशी."

"चारही दिवस वारा होता?"

तिनं कागद उजेडात धरला. तिनं सतरा वर्षं चुका शोधल्या होत्या. हीही तिनं स्वतःच शोधावी म्हणून मी गप्प बसलो.

"गोळी आडवी लागली," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे जाताना लोळत गेली."

"का लोळली?"

"ते नाही माहीत."

"मग रायफल आण. आधी रिकामी करून दाखव."

तिनं कपाटातून रायफल काढली, बोल्ट उघडला आणि आत बोट घालून दाखवलं. मीही पाहिलं. आन्यालाही पाहायला लावलं. मग मी त्या सगळ्यांना सांगितलं ते असं.

रायफलीच्या नळीला आतून खाचा असतात. त्या सरळ नसतात, पिळत पुढे जातात. बोल्टच्या आट्यासारख्याच, फक्त पीळ फार लांबचा. या खाचा गोळीला गिरकी देतात. गिरकी असली की गोळी भोवऱ्यासारखी नीट उभी जाते. गिरकी कमी पडली की भोवरा मरतो तशी डुलते आणि लोळते. आता गोळी जितकी लांब, तितकी तिला जास्त गिरकी लागते. म्हणून आधी नळीचा आटा मोजायचा. किती इंचांत एक फेरा पुरा होतो ते बघायचं. गोळी त्यानंतर निवडायची.

आन्या हसायला लागली. "सो दॅट्स आटा! काका, आय थॉट यू वॉन्टेड रोटीज."

"रोट्या पण हव्यात," मी म्हणालो. "काम झाल्यावर."

मोजायची रीत साधी आहे. नळी साफ करायचा गज घ्यायचा, ज्याची मूठ मोकळी फिरते तो. टोकाला घट्ट चिंधी लावायची, म्हणजे चिंधी खाचांत रुतते आणि गज पिळाबरोबर फिरतो. गजावर एक खूण वर, आणि नळीच्या तोंडाशी जिथे आहे तिथे एक खूण. गज ओढत जायचं. वरची खूण एक फेरा घेऊन परत वर आली की नळीच्या तोंडाशी पुन्हा खूण. तोंडाशी केलेल्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे आटा.

पहिल्यांदा पंधरा इंच आलं. परीक्षित लिहायला लागला.

"लिहू नकोस. चिंधी घसरली."

"काका, राउंडली पंधरा घेऊ ना."

"बिजागरीच्या पिनेला चार दशांश देता आणि इथे राउंडली?"

नीलांबरी पहिल्यांदा हसली त्या दिवशी. चिंधी जाड केली. चौदा इंच आलं. पुन्हा केलं. चौदा. आन्याच्या हातानं केलं. चौदा.

"आता लिही. एकास चौदा."

"मग यात प्रॉब्लेम काय?" परीक्षित म्हणाला. "जुना मालक याच रायफलीतून पंचावन्न ग्रेनची गोळी वापरायचा. मीच विचारलं होतं त्याला. म्हणून मीही पंचावन्नचीच घेतली. सेम टू सेम."

इथे गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. पंधरा ग्रेन म्हणजे ढोबळमानानं एक ग्रॅम.

"त्याची गोळी कशाची होती?"

"शिशाची. आता शिसं चालत नाही ना. म्हणून तांब्याची घेतली."

तेही खरं होतं. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. शिसं मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जातं.

मी परीक्षितला टेबलावरची दोन पेनं दिली, एक आखूड आणि एक लांब. "समज, दोघांचं वजन सारखं आहे आणि जाडीही सारखीच, कारण नळी तीच. शिसं जड, तांबं त्याहून हलकं. मग वजन सारखं करायला तांब्याचं काय करावं लागेल?"

तो थांबला. लांब पेनाकडे बघत राहिला.

"लांब करावं लागेल," नीलांबरी म्हणाली. "वजन तेच, पण गोळी लांब झाली. आणि नळीचा आटा जुन्या आखूड गोळीसाठी."

"झालं."

परीक्षितनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे मीच घाण केली. शीटवर सगळ्यात वर मीच ठेवली होती ती."

"तू वजन बघितलंस," मी म्हणालो. "लांबी बघायला हवी होती. एक रकाना कमी पडला."

नीलांबरीचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ती चारही कागद एकावर एक ठेवत होती. "सतरा वर्षं टेस्टर होते मी, काका. आणि जी वस्तू हातात घेतली तीच टेस्ट केली नाही. स्वतःलाच टेस्ट करत राहिले."

मेहनत वाया जाते ती अशी. आळशाची जात नाही, त्याच्याकडे नसतेच. जाते ती कष्टाळू माणसाची, चुकीच्या जागी लावली की.

"वाया नाही गेली," मी तिला म्हणालो. "नाणं पडत नाही ना आता नळीवरून? मग हात तयार आहे. गोळीच यायची राहिलीय."

तक्ता पुन्हा उघडला. परीक्षितनं गोळीच्या लांबीचा रकाना घातला आणि कंपन्यांच्या कागदांवरून आकडे भरले. चौदातल्या अकरा बाद झाल्या. जी सगळ्यात वर होती, भारी आणि पाच ताऱ्यांची, ती पहिली बाद. उरलेल्या तिघांत एक होती पस्तीस ग्रेनची, तांब्याची, आखूड. तक्त्यात ती तळाला लाल रंगात होती.

"ही?" परीक्षित म्हणाला. "ही तर पोरकट वाटते यार. लोकांनी लिहिलंय, फक्त खारींसाठी."

"दीडशे पावलांच्या आत कायोटीला पुरते. त्याच्या पुढे ती झाडणार नाही. झाडशील का?"

"नाही," नीलांबरी म्हणाली.

हॉलिस्टरच्या दुकानात काउंटरवर एक बाई होती, साठीची, चष्मा कपाळावर. नीलांबरीनं पस्तीस ग्रेनचा डबा मागितला. बाईनं तिला एकदा खालपासून वर पाहिलं आणि म्हणाली की कायोटीसाठी सगळे पंचावन्नच नेतात.

"माझा आटा एकास चौदा आहे," नीलांबरीनं इंग्रजीत सांगितलं.

"कोणी सांगितलं?"

"मी मोजला. तीनदा."

बाईनं चष्मा डोळ्यांवर आणला. "इथे रोज जे पुरुष येतात," ती म्हणाली, "त्यांना मी आटा विचारला तर ते रायफलीचा रंग सांगतात." मग तिनं कागद पुढे केले, सरकारी तपासणी झाली आणि वीस काडतुसांचा एक डबा मिळाला.

"दोन घेऊ?" परीक्षितनं विचारलं.

"एक बास," मी म्हणालो. "दुसरा डबा असला की पहिल्यातली गोळी निष्काळजीपणे जाते."

त्याच दुपारी त्यांच्या जमिनीवर, मागे उंच डोंगर धरून, शंभर यार्डांवर कागद लावला. आधी जुन्या डब्यातली एक झाडली. भोक लांबट. मग नळी साफ केली आणि नवीन तीन. आन्या पळत जाऊन कागद घेऊन आली.

तीनही भोकं गोल. थोडी डावीकडे होती, पण एका नाण्याखाली झाकली जातील एवढी जवळ.

नीलांबरीनं खिशातून तेच नाणं काढलं आणि भोकांवर ठेवलं. झाकली गेली. नाणं बराच वेळ उचललं नाही.

रायफलीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू फिरवला, आणखी तीन झाडल्या. मधोमध. परीक्षित म्हणाला, "डन!"

"नाही," मी म्हणालो. "ही गरम नळी आहे आणि सहावी गोळी. कायोटीला सहावी मिळणार नाही. त्याला पहिली मिळेल, थंड नळीतून, सकाळच्या गारठ्यात. तीच बघायची."

म्हणून पाच सकाळी रोज एकच गोळी. उठायचं, करडांना बघायचं, बसायचं, एक झाडायची आणि रायफल कपाटात. सगळ्या एकाच कागदावर. आन्या रविवारी डेव्हिसला परतली, मी त्या आठवड्यात तिथेच मुक्कामाला राहिलो. तीन दिवसांनी परीक्षित कंटाळला. नीलांबरी कंटाळली नाही. पाचव्या दिवशी कागदावर पाच भोकं होती, सगळी गोल, सगळी मुठीच्या आत. त्या पाच दिवसांत करडं आम्ही गोठ्याबाहेर सोडली नाहीत. करडं ओरडून हैराण झाली, पण एकही गेलं नाही.

सहाव्या दिवशी ती ओढ्याच्या वरच्या अंगाला उलट्या बादलीवर बसली. रायफल तीन काठ्यांच्या तिवईवर. मी चार पावलं मागे, दुर्बीण घेऊन. खाली कुरणात करडं आयांबरोबर सोडलेली. गवतावर दहिवर होतं.

उजाडल्यावर थोड्या वेळानं तो आला. ओढ्यातून वर, तीन पायांवर उड्या मारत. चौथा पाय पोटाशी धरलेला. मी पावलं मोजली, एकशे वीस. तो थांबला आणि करडांकडे बघायला लागला. नीलांबरीचा गाल रायफलीला लागला.

मी वाट बघितली. आवाज आला नाही. कायोटी दोन उड्या पुढे गेला, वास घेतला. काय वाटलं कोण जाणे, परत वळून ओढ्यात गेला.

घराजवळ परीक्षित उभा होता. "सोडलास? नीलू, समोर उभा होता! मी इथून पाहिला!"

"मागे सिल्वेराची वासरं होती."

"ती दोनशे फूट लांब होती यार."

"गोळीला दोनशे फूट म्हणजे काय रे?" ती म्हणाली. "एकदा केलंय मी, पुढचं न बघता. पुन्हा नाही."

परीक्षित चहा करायला आत गेला. त्याच वेळी माझी खात्री झाली. गोळी कोणीही निवडून देऊ शकतं. न झाडायची कुठली, ते ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

त्या दुपारी ती सिल्वेराकडे गेली आणि वासरं दोन दिवस वरच्या कुरणात न्यायला सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्यासाठी आलीस? मी तर म्हणणार होतो, कळप कधी पाठवतेस." ती म्हणाली, "अजून नाही."

सातव्या सकाळी तो तिथूनच आला. एकशे वीस पावलं. मागे फक्त डोंगराची माती. तो आडवा उभा राहिला.

एकच आवाज झाला. तो जिथे उभा होता तिथेच खाली बसल्यासारखा पडला. हलला नाही.

नीलांबरीनं बोल्ट उघडला, रिकामी पुंगळी खिशात टाकली आणि रायफल तिवईवर ठेवली.

आम्ही खाली गेलो. नर होता, म्हातारा, दात झिजलेले. मागच्या उजव्या पायावर जुनी जखम होती, भरून आलेली. खूण गोल नव्हती. लांब होती, आडवी, बोटभर. कागदावरच्या भोकासारखी. तिनंही ते पाहिलं. गुडघ्यावर बसली आणि त्या खुणेवर हात ठेवला.

"माफ कर रे बाबा," ती म्हणाली. "वर्षभर भोगायला लावलं मी."

ओढ्याच्या वर जिथे माती मऊ आहे तिथे आम्ही खड्डा केला. परीक्षितनं खणला. पूर्ण खोल, कडा सरळ. मला त्याचं ते खणणं आवडलं.

दुपारी तिनं डेव्हिसला फोन लावला. मी ओट्याची फळी बदलत होतो, म्हणून ऐकू आलं. तिनं सगळं सांगितलं, आदल्या दिवशी न झाडलेली गोळीसुद्धा. मग पलीकडून आन्याचा आवाज, आणि या वेळी मराठी, अडखळत.

"आई, त्याला दुखलं का?"

"नाही गं."

"शुअर?"

"शुअर."

"ओके. देन... चांगलं केलंस."

नीलांबरी फोन ठेवून गोठ्यात गेली आणि बराच वेळ करडांना उगीचच मोजत बसली. सतरा होती. दुसऱ्या दिवशी शेवटची शेळी व्यायली. अठरा झाली. ते अठरावं पांढरंशुभ्र निघालं. व्हिडिओवर बघितल्या बघितल्या आन्यानं नाव ठेवलं, आटा.

हे सगळं फेब्रुवारीतलं. आता मे संपत आलाय. अठराही करडं आहेत, गवत वाळून पिवळं पडलंय आणि आटा कुंपणावर चढायला शिकलाय, म्हणजे मला शनिवारी काम आहे. संध्याकाळी डोंगरावर दुसऱ्या कायोटींचं ओरडणं ऐकू येतं. ते खाली येत नाहीत. परवा सिल्वेरानं विचारलं, त्यांचं काय करणार? नीलांबरी म्हणाली, "त्यांनी काय केलंय?"

डबा रायफलीच्या कपाटाशेजारी, कुलपात आहे. सहा कागदावर गेल्या, पाच सकाळच्या, एक ती. आठ उरल्यात. डब्यावर तिनं मार्करनं लिहून ठेवलंय: "आटा १४ इंच. मोजलेला." बाजूला तारीख आणि दशांश चिन्हापुढे एकही आकडा नाही.